नाताळच्या बाजारातले पुस्तकांचे टेबल

नोव्हेंबर सरत आला की ब्रिटनमधल्या लहान गावांतून आणि शहरांच्या उपनगरांतून शनिवार-रविवारचे नाताळबाजार भरू लागतात. कुठे चर्चला लागून असलेल्या सभागृहात, कुठे शाळेच्या हॉलमध्ये, कुठे गावच्या चौकात तंबू ठोकून. घडीच्या टेबलांवर घरचे जॅम आणि लोणची, लोकरीच्या टोप्या, मेणबत्त्या, सुक्या मेव्याचे सारण भरलेले मिन्स पाय असा माल मांडलेला असतो, आणि टेबलांच्या भाड्याचे पैसे बहुधा शाळेच्या, चर्चच्या किंवा एखाद्या धर्मादाय संस्थेच्या कामी येतात. या रांगेत एखादे टेबल पुस्तकांचेही असते. ते पुस्तकविक्रेत्याचे नसते, प्रकाशकाचेही नसते. स्वतः लिहिलेले पुस्तक स्वतःच्या पैशांनी छापणारा लेखक किंवा लेखिका तिथे बसलेली असते. ज्याला प्रकाशक मिळाला नाही तो आता जॅमच्या बाटल्यांशेजारी पुस्तके विकतो आहे, अशी कीव पाहणाऱ्याच्या मनात येऊ शकते. ती अनाठायी आहे असे मला वाटते. स्वप्रकाशित पुस्तकाची खरी अडचण आता छपाईची राहिलेली नाही, विश्वासाची आहे. आणि अनोळखी लेखकाचे पुस्तक अनोळखी माणसाने विश्वासाने हातात घ्यावे, अशा ज्या थोड्या जागा आज आहेत, त्यांत गावचा नाताळबाजार फार वरचा आहे.

छपाईची अडचण कशी सुटली ते आधी पाहू. पूर्वी स्वतः पुस्तक काढायचे तर निदान काही शे प्रतींचे पैसे एकदम मोजावे लागत आणि न खपलेले गठ्ठे घरात सांभाळावे लागत. मागणीनुसार छपाई आल्यावर एक प्रतसुद्धा छापता येऊ लागली. ॲमेझॉनच्या किंडल डायरेक्ट पब्लिशिंगसारख्या सेवेवर पुस्तकाची फाइल चढवली की गिऱ्हाइकाची मागणी येईल तशी प्रत छापली जाते, आणि लेखकाला स्वतःसाठी हव्या तेवढ्या प्रती छपाईखर्चात मागवता येतात. पण छापलेले पुस्तक दुकानाच्या फळीवर पोहोचणे ही वेगळी गोष्ट. ब्रिटनमध्ये दुकानदार छापील किमतीवर साधारण 40 टक्के सूट मागतो; मध्ये घाऊक व्यापारी असला तर सूट 55 टक्क्यांपर्यंत जाते, आणि शिवाय न खपलेली प्रत परत घेण्याची हमी द्यावी लागते. यात दुकानदाराला दोष देता येणार नाही. त्याच्यापुढे दर आठवड्याला नव्या पुस्तकांचा ढीग येऊन पडतो, प्रत्येक पुस्तक वाचून पाहणे त्याला शक्य नसते, तेव्हा नावाजलेल्या प्रकाशकाचा शिक्का हीच त्याच्या दृष्टीने हमी. इंटरनेटवर तर जागेची टंचाईच नाही, पण ज्याचे नाव कोणाला ठाऊक नाही त्याचे पुस्तक शोधायला तिथे कोण जाणार? म्हणजे पुस्तक छापून होते, जगाच्या पाठीवर कुठेही मागवता येते, आणि तरीही ते विश्वासाने घेणारा माणूस भेटत नाही.

जत्रा आणि पुस्तक यांचे नाते दुकान आणि पुस्तक यांच्या नात्याहून नवे नाही. फ्रँकफर्टचा पुस्तकमेळा पंधराव्या शतकात तिथल्या व्यापारी जत्रेतच वाढला. केंब्रिजजवळच्या स्टरब्रिजच्या प्रचंड जत्रेत कापड आणि लोकरीबरोबर पुस्तकेही विकली जात. सतराव्या शतकापासून इंग्लंडमधले फेरीवाले सुया, फिती आणि दोऱ्यांच्या पेटीतच पेनीभर किमतीच्या चोपड्या घेऊन जत्रांतून हिंडत, आणि ज्यांनी आयुष्यात पुस्तकाचे दुकान पाहिले नाही अशा लोकांपर्यंत वाचन पोहोचले ते त्यांच्यामुळे. आपल्याकडेही आषाढी-कार्तिकीला पंढरपुरात हरिपाठाच्या आणि अभंगांच्या लहान पोथ्या तुळशीच्या माळा आणि बुक्क्याच्या शेजारीच विकल्या जातात, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. जॅमशेजारी मांडलेल्या पुस्तकाचा मान कमी होतो हा समज अलीकडचा आहे आणि शहरी आहे.

पण नाताळच्या बाजाराचे वैशिष्ट्य नुसत्या गर्दीत नाही. तिथे येणारा माणूस स्वतःसाठी काही घ्यायला आलेला नसतो. त्याच्या खिशात एक यादी असते: सासूबाई, भावाची मुले, शेजारचे आजोबा, मुलाच्या वर्गशिक्षिका. प्रत्येकाला काहीतरी द्यायचे आहे, फार महाग नको, अगदी दुकानी वाटणारे नको, आणि ते आजच मिळाले तर बरे. पुस्तकाच्या दुकानात शिरलेला वाचक स्वतःला विचारतो, मला हे आवडेल का? नाताळबाजारातला गिऱ्हाईक विचारतो, हे कोणाला शोभेल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना माणूस ओळखीच्या लेखकाकडे वळतो, कारण आपले दहा तास तो त्या पुस्तकात घालणार असतो. दुसऱ्या प्रश्नाला लेखकाच्या कीर्तीची फारशी गरज नसते. आजोबांना रेल्वेचे वेड आहे आणि समोर याच भागातून जाणाऱ्या बंद पडलेल्या रेल्वेमार्गाचा इतिहास आहे, एवढे पुरते. एका सणाने पुस्तकाला भेटवस्तूचे स्थान दिले की काय होऊ शकते हे पाहायचे असेल तर आइसलँडकडे पाहावे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे परदेशी मालाच्या आयातीवर कडक बंधने होती, कागदावर त्या मानाने कमी. म्हणून नाताळला पुस्तक देण्याची रीत पडली. 1944पासून तिथे नव्या पुस्तकांची सूची हिवाळ्याच्या तोंडावर प्रसिद्ध होते, आणि चार लाखांहून कमी वस्तीच्या त्या देशात वर्षातली बहुतेक पुस्तके नाताळच्या आधीच्या महिन्यांत निघतात. तिथले वाचक जन्मतःच वेगळे आहेत असे कोणी म्हणणार नाही. सणाने पुस्तकाला एक ठरलेली जागा दिली, आणि त्या जागेच्या आधाराने लेखक उभे राहिले.

इंग्रजीतल्या दोन विख्यात पुस्तकांचा इतिहासही याच दिशेला बोट दाखवतो. चार्ल्स डिकन्सचे ‘अ ख्रिसमस कॅरल’ 19 डिसेंबर 1843 रोजी बाहेर पडले. चॅपमन अँड हॉल या प्रकाशकांशी त्याचे तेव्हा चालू असलेल्या कादंबरीवरून बिनसले होते, म्हणून या पुस्तकाचा सगळा खर्च त्याने स्वतः उचलला. प्रकाशक फक्त कमिशनवर विकणारे. जॉन लीच याची हाताने रंगवलेली चित्रे, पानांच्या कडांना सोनेरी मुलामा, किंमत मात्र पाच शिलिंग. पहिल्या 6,000 प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपल्या. दुसरे उदाहरण बिएट्रिक्स पॉटरचे. निदान सहा प्रकाशकांनी परत पाठवलेली आपली सशाची गोष्ट तिने डिसेंबर 1901मध्ये स्वतःच्या पैशांनी छापली, अवघ्या 250 प्रती. मुखचित्र तेवढे रंगीत, बाकी चित्रे काळी-पांढरी. काही प्रती तिने आप्तेष्टांच्या मुलांना दिल्या, काही एक शिलिंग दोन पेन्सला विकल्या. त्या लवकरच संपल्या आणि फेब्रुवारीत आणखी 200 छापाव्या लागल्या. त्यानंतर फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशनसंस्थेने रंगीत चित्रांसह ऑक्टोबर 1902मध्ये ‘द टेल ऑफ पीटर रॅबिट’ बाजारात आणले, तेव्हा पहिली 8,000ची आवृत्ती प्रसिद्धीपूर्वीच मागणीत गेली. डिकन्स त्या वेळी नावाजलेला लेखक होता, पॉटरला ओळखीबाहेर कोणी विचारत नव्हते. दोघांनी वेळ मात्र एकच साधली: लोकांना कोणाला तरी काहीतरी द्यायचे असते ती.

डिकन्सच्या हिशेबाकडे मात्र प्रत्येक स्वप्रकाशकाने डोळे उघडे ठेवून पाहायला हवे. त्याला हजार पौंडांची आशा होती. पहिल्या आवृत्तीचा हिशेब हाती आला तेव्हा नफा 230 पौंड निघाला. बांधणी, रंगकाम आणि मुलाम्याने उत्पन्न गिळले होते. पॉटरने उलट केले. पुस्तक लहान मुलाच्या हातात मावेल एवढे, किंमत मुलांना झेपेल एवढी, आणि प्रती ओळखीच्या वर्तुळात खपतील एवढ्याच. आजच्या बाजारातला हिशेब याहून फार वेगळा नाही. समजा, अडीचशे पानांचे साधे पुस्तक छापून हातात यायला साडेतीन पौंड पडले आणि छापील किंमत दहा पौंड ठेवली. दुकानातून गेले तर सूट आणि छपाई वजा जाता लेखकाच्या हाती अडीच पौंड उरतात, घाऊक व्यापारी मध्ये आला तर एक. प्रस्थापित प्रकाशकाकडून साडेसात टक्के मानधन मिळाले असते तर पाऊण पौंड. टेबलावरून विकले तर साडेसहा. टेबलाचे भाडे चाळीस पौंड धरले तर सातवी प्रत विकली गेली की ते सुटते. दिवसभरात वीस प्रती गेल्या तर नव्वद पौंड राहतात. पेट्रोल, जेवण आणि आठ तास उभे राहणे यांची किंमत त्यातून वजा करायची आहे. काही बाजारांत सार्वजनिक दायित्वाचा विमा काढल्याशिवाय टेबल मिळत नाही, तो खर्च वेगळा. सरकारी बाजू तशी सौम्य आहे: छापील पुस्तकावर ब्रिटनमध्ये मूल्यवर्धित कर शून्य आहे, आणि वर्षाला 1,000 पौंडांपर्यंतच्या किरकोळ व्यापारी उत्पन्नावर प्राप्तिकर लागत नाही.

एवढ्यासाठी हा खटाटोप का, हा आक्षेप इथेच उभा राहतो आणि तो रास्त आहे. वीस प्रतींनी कोणी लेखक म्हणून जगत नाही. पण इतर मार्गांनी हा लेखक किती प्रती विकणार आहे, हेही विचारायला हवे. ज्याचे नाव कोणी शोधत नाही त्याच्या पुस्तकाला इंटरनेटवर महिनोन्महिने गिऱ्हाईक लागत नाही. गावात विकल्या गेलेल्या वीस प्रती वीस घरांत जातात, तीही एकाच पंचक्रोशीतल्या, जिथली माणसे दुकानात, शाळेच्या फाटकाशी, ग्रंथालयात एकमेकांना भेटतात. हा विश्वास कसा पसरतो याचे सर्वांत बोलके उदाहरण आल्फ्रेड वेनराइट यांचे आहे. केंडल गावच्या नगरपालिकेत खजिनदार असलेल्या या गृहस्थांनी लेक डिस्ट्रिक्टमधल्या डोंगरांची मार्गदर्शक पुस्तके लिहिली. अक्षरे, नकाशे, चित्रे, सगळे हाताने. पहिला भाग 1955मध्ये आला. 2,000 प्रतींच्या छपाईचे बिल 950 पौंड होते आणि त्यांच्याजवळ होते 35 पौंड. गावच्याच मुद्रकाने उधारीवर काम केले, आणि पुस्तकावर प्रकाशक म्हणून नाव लागले ते केंडलचे ग्रंथपाल हेन्री मार्शल यांचे. त्या डोंगरांत चालणाऱ्या माणसांनी ही पुस्तके एकमेकांना सांगितली. पुढे सात भाग झाले आणि सगळ्या मिळून वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या. वेनराइट बाजारात टेबल लावून बसले नव्हते हे खरे. पण त्यांची उधारी, त्यांचा प्रकाशक आणि त्यांचा पहिला वाचक, तिन्ही एकाच खोऱ्यातले होते. गावच्या नाताळबाजारात लेखकाला नेमका हाच आधार मिळतो.

म्हणूनच बाजार जितका मोठा तितकी विक्री मोठी, हा हिशेब पुस्तकांच्या बाबतीत चुकतो. बर्मिंगहॅमसारख्या शहरांतले जर्मन धाटणीचे भव्य नाताळबाजार खाण्यापिण्याचे आणि फिरण्याचे असतात. तिथल्या माणसाच्या एका हातात सॉसेज आणि दुसऱ्या हातात गरम वाइनचा पेला, पुस्तक चाळायला हात मोकळा कुठे? लिंकन शहरातला 1982पासून चालत आलेला बाजार तर स्वतःच्याच गर्दीला बळी पडला. 2022च्या चार दिवसांत तिथे तीन लाखांहून अधिक लोक लोटले आणि सुरक्षिततेच्या कारणावरून नगरपरिषदेने तो पुढे बंद केला. अशा लोंढ्यात टेबलापाशी कोणी तीन मिनिटे थांबत नाही, आणि पुस्तक विकायला तीन मिनिटे लागतातच. शंभर-दोनशे माणसांचा शाळेतला बाजार, जिथे लोक दोन फेऱ्या मारतात, दुसऱ्या फेरीला परत येऊन प्रत घेतात, तोच पुस्तकाला मानवतो.

याहून गंभीर आक्षेप दर्जाचा आहे. प्रकाशकाची चाळणी नसेल तर गावकऱ्याच्या सद्भावनेवर कच्चे, अशुद्ध, न संपादलेले पुस्तकही विकले जाईल. भिडेखातर घेतलेली प्रत कोणी वाचणार नाही. आणि एकदा फसलेला माणूस पुन्हा अशा टेबलाकडे फिरकणार नाही. धोका खरा आहे. वाईट स्वप्रकाशित पुस्तके भरपूर आहेत आणि त्यांची मुखपृष्ठेच बहुधा ते सांगतात. पण ज्या लेखकाला त्याच गावात राहायचे आहे, पुढच्या वर्षी त्याच हॉलमध्ये त्याच माणसांपुढे बसायचे आहे, त्याच्यावर एक दाब असतो. वाईट पुस्तक विकणारा दूरचा विक्रेता पडद्याआड राहू शकतो. गावच्या टेबलावर बसलेल्याला वाचकाला तोंड द्यावे लागते. चार-सहा वर्षे टिकलेल्या टेबलांवर मग अशीच पुस्तके उरतात: परिसराचा इतिहास, पायवाटांची माहिती, गावात घडणारी रहस्यकथा, मुलांचे चित्रपुस्तक. न वाचल्या जाणाऱ्या भेटीविषयी म्हणायचे तर हा दोष नाताळला दिलेल्या प्रत्येक पुस्तकाचा आहे. त्यासाठी एकट्या स्वप्रकाशकाला धारेवर धरणे अन्यायाचे होईल.

किमतीच्या स्पर्धेत हे टेबल टिकणार नाही, असेही म्हटले जाते. ब्रिटनमध्ये 1900पासून पुस्तकांच्या किमती बांधून ठेवणारा करार होता; तो 1990च्या दशकात कोसळला आणि तेव्हापासून सुपरमार्केट आणि ॲमेझॉन गाजलेली पुस्तके निम्म्या किमतीत विकतात. जर्मनीत 2002च्या कायद्याने छापील किंमत सर्वांना बांधील आहे, म्हणून तिथे ही चिंता नाही. ब्रिटिश लेखकाने मात्र स्वस्ताईच्या शर्यतीत उतरूच नये. त्याच्याजवळ सुपरमार्केटला कधीच देता येणार नाही अशी एक गोष्ट आहे: गिऱ्हाईक सांगेल त्या नावाने, त्याच्यासमोर, लेखकाच्या हातची सही. आजोबांच्या नावाने सही झालेली ती प्रत त्या क्षणी दुसऱ्या कोणाला विकण्याजोगी राहत नाही, आणि भेट म्हणून तिचे मोल त्यामुळेच वाढते. लेखकाने लिहावे, विकू नये, असे मानणाऱ्यांना हे खटकेल. पण तीन मिनिटांत आपले पुस्तक कशाविषयी आहे ते अनोळखी माणसाला सांगणे, तो कुठे कान टवकारतो आणि कुठे त्याची नजर शेजारच्या टेबलाकडे वळते ते पाहणे, हे लेखकासाठी मोठे शिक्षण आहे. एरवी प्रकाशकाचा संपादक हे काम करतो. ज्याला संपादक नाही, त्याला बाजाराने तरी ते करून द्यावे.

मराठीत या प्रश्नाचे रूप निराळे आहे. स्वखर्चाने कवितासंग्रह, आत्मचरित्र किंवा गावाचा इतिहास काढणारे आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. त्यांच्या प्रती बहुतेक एकाच वाटेने घराबाहेर पडतात: प्रकाशन समारंभात आणि नंतर ओळखीपाळखीत, पहिल्या पानावर ‘सप्रेम भेट’ लिहून. म्हणजे भेट देणारा लेखक स्वतःच, आणि घेणाऱ्याने ते मागितलेलेही नसते. नाताळबाजारात भेट देणारा गिऱ्हाईक असतो. त्याने पुस्तक निवडलेले असते, पैसे मोजलेले असतात, आणि आपण काहीतरी चांगले देतो आहोत ही त्याची भावना त्या पुस्तकाबरोबर जाते. हा फरक लहान वाटला तरी लेखकाच्या मानाचा आणि खिशाचा प्रश्न त्यातच अडकलेला आहे. दिवाळीला वाचायची सवय आपल्याला आहे, का. र. मित्र यांनी 1909मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ती रुजली. पण दिवाळी अंक आपण बहुधा स्वतःच्या घरात वाचायला घेतो, भाऊबीजेला किंवा पाडव्याला द्यायला नाही. बचत गटांच्या दिवाळी प्रदर्शनांत फराळ, पणत्या, उटणे आणि आकाशकंदील यांच्या रांगेत तालुक्यातल्या किल्ल्यांचे, तिथल्या खाद्यपदार्थांचे किंवा मुलांच्या गोष्टींचे पुस्तक, लेखकाच्या सहीसह, दीडदोनशे रुपयांना मिळाले तर भाऊबीजेच्या ताटात ते जाऊ शकेल. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, आयएसबीएन आपल्याकडे विनामूल्य मिळतो, आणि अशा प्रदर्शनांतले टेबल परवडण्यासारखे असते. वेळेचे गणित मात्र नीट पाळायला हवे. भाद्रपदाच्या अखेरीपासून छापखाने दिवाळी अंकांत आणि कॅलेंडरांत बुडालेले असतात, तेव्हा दिवाळीच्या टेबलावर जे पुस्तक मांडायचे त्याची मुद्रितशोधने श्रावणातच उरकलेली हवीत, आणि प्रती गणपती येण्यापूर्वी घरात पोहोचलेल्या हव्यात.